दीव नीट पाहायचं तर: भरती, ऊन आणि वार बघून आखायची अडीच दिवसांची सहल

दीवला जाऊन आलेल्या माणसाला काय पाहिलंस असं विचारलं, तर बहुतेक वेळा नागोआचा किनारा, स्कूटरची रपेट आणि गुजरातेत न मिळणाऱ्या बाटलीचे भाव एवढंच ऐकायला मिळतं. किल्ला? हो, तोही पाहिला, अर्ध्या तासात. भर दुपारी, घामाघूम होत, एका तोफेवर बसून फोटो काढून. समुद्राकाठच्या गंगेश्वराच्या शिवलिंगांपाशी गेलो तर पाणीच नव्हतं, नायडा गुहेत काळोख होता. अशा माणसाने दीव पाहिलं खरं, पण चुकीच्या वेळी. हे बेट जेमतेम ११ किलोमीटर लांब आणि ३ किलोमीटर रुंद. बघण्यासारखं जवळजवळ सगळं त्याच्या पूर्व टोकाला, जुन्या गावात आणि त्याच्या आसपास आहे. त्यामुळे काय बघायचं याची यादी कुणीही देईल. इथे प्रश्न असतो तो कधी बघायचं याचा, आणि हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

निघण्याआधी: वसई आठवा

सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाचं हे बेट मराठी माणसाला परकं वाटायचं कारण नाही. १५०८ साली आपल्या चौलच्या बंदरात इजिप्तचे मामलुक आणि गुजरातचा सुलतान यांच्या एकत्रित आरमाराने पोर्तुगिजांना मारलं. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडाचा मुलगा लॉरेन्सो ठार झाला. बापाने सूड घेतला तो दीवसमोर, ३ फेब्रुवारी १५०९ रोजी. त्या दिवसानंतर अरबी समुद्रावर पोर्तुगिजांना तोडीस तोड आरमार बराच काळ उरलं नाही. तरी दीव काही लगेच हाती आलं नाही. सुलतानाचा इथला सुभेदार मलिक अयाज मोठा धोरणी होता, त्याने त्यांना गोड बोलून वर्षानुवर्षं लांब ठेवलं.

पुढे हुमायूनची स्वारी आली आणि सुलतान बहादूरशहा कात्रीत सापडला. १५३४ च्या डिसेंबरात त्याने वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगिजांना लिहून दिली. १५३५ मध्ये दीवला किल्ला बांधायची परवानगीही दिली. वसई आणि दीव ही अशी एकाच माणसाच्या एकाच अडचणीतून गेलेली ठाणी आहेत. दोन वर्षांत बहादूरशहाला पश्चात्ताप झाला. १५३७ च्या फेब्रुवारीत तो गव्हर्नर नुनो द कुन्हाला भेटायला त्याच्या जहाजावर गेला आणि परतताना झालेल्या चकमकीत दीवच्या पाण्यातच मेला.

वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. दीव पोर्तुगिजांकडे राहिलं ते थेट १९ डिसेंबर १९६१ पर्यंत. म्हणूनच शक्य असेल तर दीवला जाण्याआधी एक सकाळ वसईच्या किल्ल्यात घालवा. छप्पर उडालेली चर्चं, झाडांनी पोटात घेतलेल्या भिंती नजरेखालून घाला. मग दीवला जा. वसईत ज्याचा सांगाडा दिसतो ते धडधाकट असताना कसं दिसायचं, ते तिथे कळतं. माझ्या मते मराठी पर्यटकाला दीव बघण्याचं याहून मोठं कारण नाही.

पहिली पायरी: वार आणि महिना

गुजरातेत दारूबंदी आहे, दीव केंद्रशासित आहे. १९८७ पर्यंत गोवा, दमण आणि दीव एकत्र होते. गोवा राज्य झाल्यावर दमण-दीव वेगळे झाले आणि २०२० मध्ये दादरा-नगर हवेलीला जोडले गेले. या कायद्याच्या फरकामुळे शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार या वेळात सगळा सौराष्ट्र इथे लोटतो. खोल्यांचे दर चढतात, नागोआवर गाणी वाजतात, अरुंद गल्ल्यांत गाड्या अडकतात. सोमवारी सकाळी तेच गाव रिकामं, निवांत असतं. तेव्हा रविवारी संध्याकाळी पोहोचून बुधवारी सकाळी निघायचं, असा बेत करा. नोकरीमुळे शनिवार-रविवारच हाती असतील तर किल्ला आणि जुनं गाव सकाळी आटपा. रात्री उशिरापर्यंत जागलेली मंडळी तेव्हा झोपलेली असतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. त्यातून दिवाळीनंतरचा पंधरवडा आणि ३१ डिसेंबरचा आठवडा वगळा. गुजरातेतल्या शाळांना दिवाळीची लांब सुट्टी असते आणि निम्मी गर्दी त्यातच होते. थंडीत जाण्यात आणखी एक फायदा आहे. बेटाचा मोकळा किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात सूर्य नैऋत्येकडे मावळत असल्याने तो थेट समुद्रात बुडताना दिसतो. उन्हाळ्यात तो जमिनीच्या बाजूला सरकतो. पावसाळ्यात समुद्रात उतरायला बंदी असते आणि मासेमारीही थांबलेली असते. ज्यांना फक्त किल्ला आणि ढग हवेत त्यांनी तेव्हा जरूर जावं, भाव पडलेले असतात.

दुसरी पायरी: खोली ठरवण्याआधी भरतीची वेळ बघा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. गंगेश्वराचं दर्शन पूर्णपणे भरतीवर अवलंबून आहे. किल्ल्याच्या खंदकाची आणि खाडीतल्या पाणीकोठा नावाच्या कोटाची शोभाही पाणी चढलेलं असताना वेगळी दिसते. मोबाइलवर दीवचं किंवा जवळच्या वेरावळचं भरती-ओहोटीचं कोष्टक सहज मिळतं. तिथीला पाऊणने गुणायचा कोकणातला हिशेब इथे तंतोतंत लागू होत नाही, किनारा बदलला की वेळ सरकते. त्यामुळे कोष्टक पाहा किंवा पोहोचल्यावर एखाद्या मच्छीमाराला विचारा. गुजरातीतही भरतीला भरतीच म्हणतात, ओहोटीला 'ओट'.

तुम्हाला हवं आहे ते असं: ज्या दिवशी गंगेश्वरला जाणार त्या दिवशी चढती भरती उजेडात यावी, सकाळी किंवा संध्याकाळी असेल तर फारच चांगलं. तसा दिवस कोणता, ते आधी ठरवा आणि बाकीचा कार्यक्रम त्याभोवती बसवा. पुढे मी दिलेला क्रम त्यापायी उलटासुलटा करावा लागला तरी चालेल.

तिसरी पायरी: पोहोचणं

रेल्वेने जायचं तर वांद्रे टर्मिनसहून वेरावळला थेट गाडी आहे. वेरावळ ते दीव अंतर कोडीनारमार्गे साधारण ९० किलोमीटर. एसटी बस, खासगी बस, टॅक्सी सगळं मिळतं. वेरावळच्या शेजारीच सोमनाथ असल्याने बरेच जण एक मुक्काम तिथे करून पुढे येतात, तो बेत शहाणपणाचा आहे. दीवचा विमानतळ नागोआजवळ आहे. विमानसेवेची वेळापत्रकं बदलत राहतात म्हणून तारखा ठरवण्याआधी तपासा.

स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांनी सुरतजवळच्या हजीरा बंदरातून सुटणाऱ्या रो-रो बोटीचा विचार करावा. २०२० मध्ये सुरू झालेली ही सेवा गाडीसकट खंभातचं आखात ओलांडून भावनगरजवळच्या घोघा बंदरात उतरवते आणि आखाताला घालायचा शेकडो किलोमीटरचा वळसा वाचतो. तिथून तळाजा, महुवा, राजुला, उना असा रस्ता. एक लक्षात ठेवा: बोट उतरवते ते घोघा, आणि दीवच्या पुलाअलीकडचं गाव ते घोघला. दोन्हींत दोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. नकाशात नाव टाकताना एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर अर्धा दिवस जातो.

उन्याहून देलवाडामार्गे घोघल्यात शिरलात की पूल ओलांडून थेट जुन्या गावात उतरता. कोडीनारकडून येणारे तडच्या नाक्यावरून बेटाच्या पश्चिम अंगाला येतात. पहिल्यांदा जात असाल तर घोघल्याचा रस्ता घ्या. पुलावरून डावीकडे खाडीच्या तोंडाशी पाणीकोठा आणि त्यामागे किल्ला असं पहिलं दर्शन होतं, ते चुकवू नये.

चौथी पायरी: राहायचं कुठे

तीन पर्याय आहेत. जुनं गाव: स्वस्त, खोल्या साध्या, सगळं पायी. नागोआ: गावापासून ७ किलोमीटर, रिसॉर्टं, पोहणं, जलक्रीडा. घोघला: पुलापलीकडे, लांब सपाट वाळू. भारतातल्या ज्या पहिल्या आठ किनाऱ्यांना २०२० मध्ये स्वच्छ किनाऱ्यांचं ब्लू फ्लॅग मानांकन मिळालं त्यांत घोघला होता आणि स्वच्छता अजून डोळ्यांत भरते. लहान मुलं बरोबर असतील तर घोघला. नुसता आराम करायचा असेल तर नागोआ. पण जे बघायला आले आहेत त्यांनी जुन्या गावातच राहावं, बंदर चौकापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी. पहाटे आणि दिवेलागणीला गल्ल्यांत फिरता येणं हाच इथला खरा लाभ, आणि नागोआहून रोज येऊन तो मिळत नाही.

फिरायला स्कूटर भाड्याने मिळते. वाहन परवाना मूळ प्रत जवळ ठेवा. गाडी घेताना तिचे ओरखडे-पोचे मोबाइलमध्ये टिपून ठेवा, मालकाच्या देखतच. सायकलही चालेल, बेट सपाट आहे. वारा मात्र जोराचा असतो, त्यामुळे जाताना सोपं वाटलेलं अंतर येताना दुप्पट वाटतं.

पहिली संध्याकाळ: बंदर आणि पाणीकोठा

सामान टाकून थेट बंदरावर या. समोर पाण्यात जो दगडी गढीसारखा, जहाजाच्या आकाराचा कोट दिसतो तो पाणीकोठा. खाडीत शिरणाऱ्या गलबतांवर नजर ठेवायला बांधलेला, पुढे तुरुंग म्हणून वापरलेला. बंदरावरून होड्या त्याच्याभोवती चक्कर मारून आणतात, आत उतरवतीलच असं नाही. पैसे ठरवताना तेवढं विचारा. मावळतीच्या तासभर आधीची फेरी घ्या. पश्चिमेचं ऊन कोटाच्या आणि किल्ल्याच्या अंगावर पडतं आणि दगड मधासारखा पिवळा दिसतो.

उरलेल्या वेळात काठाने चाला आणि लवकर जेवून घ्या. मासे खाणाऱ्यांनी जेवण आधी विचारून घ्यावं. येणारी गर्दी बहुतांशी शाकाहारी गुजराती असल्याने अनेक हॉटेलांत थाळी आणि पंजाबी भाज्याच मिळतात. ताजी मासळी हवी तर त्या दिवशी काय आलंय एवढं विचारा आणि ते तळून किंवा भाजून द्यायला सांगा. रश्श्याच्या भानगडीत पडू नका, मालवणी जिभेला तो रुचणार नाही.

दुसरा दिवस, सकाळ: किल्ला

दार साधारण आठला उघडतं. त्याच वेळी आत शिरा. पाणी आणि टोपी घ्या, आत सावली फारशी नाही. दोन तास तरी ठेवा.

आधी बाहेर थांबा. तीन बाजूंना समुद्र असलेल्या या किल्ल्याला गावाच्या अंगाने दुहेरी खंदक आहे, त्यातल्या बाहेरच्यात भरतीचं पाणी खेळतं. खंदक खडकात खोल कोरून काढला आहे. पुलावरून खाली वाकून पाहिलं की छिन्नीचे घाव दिसतात. इथला दगड मऊ, पिवळसर, वाळू आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचा बनलेला. कापायला सोपा, पण खारा वारा तो कुरतडतो. काही भिंतींची जाळी झाली आहे ती त्यामुळे.

आत शिरल्यावर डोक्यात दोन साल ठेवा, १५३८ आणि १५४६. पहिल्या वेढ्यात तुर्की सुलतानाचा सुलेमान पाशा मोठं आरमार घेऊन आला होता, जोडीला गुजरातची फौज. किल्ल्यात पोर्तुगीज कप्तान आंतोनियो द सिल्व्हेराची मूठभर माणसं. वेढा उठला तेव्हा लढण्याजोगी फार थोडी शिल्लक होती. पाशाला ते कळलं असतं तर पश्चिम किनाऱ्याचा इतिहास वेगळा झाला असता. दुसरा वेढा गुजरातचा सरदार ख्वाजा सफर याने घातला. तो स्वतः तोफगोळ्याने मेला, तरी लढाई महिनोन्महिने चालली. गोव्याहून गव्हर्नर जुआंव द कास्त्रो नोव्हेंबरात आला तेव्हा सुटका झाली.

किल्ला पार ढासळला होता आणि तो पुन्हा उभारायला पैसे नव्हते. कास्त्रोने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितलं आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले. गोवेकरांनी पैसे दिले, केस परत केले. आज ज्या बुरुजांवरून तुम्ही चालता ते बरेचसे या कर्जातून उठलेले आहेत.

क्रम असा ठेवा: प्रवेशद्वारावरचे पोर्तुगीज शिलालेख, मग तटावर चढून उजव्या हाताने समुद्राकडची बाजू, दीपगृह, आणि परत येताना खंदकाच्या अंगाचे बुरुज. शिलालेख वाचता आले नाहीत तरी त्यातली सालं वाचता येतात. तोफा जागोजागी आहेत. काहींवर राजचिन्हं उठावात आहेत, बोट फिरवून पाहा. बहादूरशहाच्या काळातली एक प्रचंड कांस्य तोफ मात्र इथे सापडणार नाही. ती लिस्बनच्या लष्करी संग्रहालयात आहे.

समुद्राकडच्या तटावर उभं राहिलं की १९६१ आठवतं. डिसेंबरातल्या त्या कारवाईत 'आयएनएस दिल्ली' या युद्धनौकेने किल्ल्यावर तोफा डागल्या आणि पोर्तुगिजांची 'व्हेगा' ही गस्ती नौका विमानहल्ल्यात बुडाली. चारशे सव्वीस वर्षांचा कारभार संपला, पण जीर्णोद्धाराच्या पाट्यांवर त्याबद्दल फार काही सापडत नाही. वाचून गेलेलं बरं.

तटांना सगळीकडे कठडे नाहीत. मुलांचा हात सोडू नका आणि तटावरून मागे सरकत सेल्फी काढू नका.

दुसरा दिवस, दुपारपर्यंत: तीन चर्चं आणि जुन्या गल्ल्या

किल्ल्यातून बाहेर पडून चढावर चालायला लागलात की पाच-दहा मिनिटांत सेंट पॉल चर्च येतं. १६०१ मध्ये सुरू होऊन १६१० मध्ये पुरं झालेलं, जेझुइट पाद्र्यांच्या संघाचं. दर्शनी भिंत इतकी नटवलेली की डोळे कुठे ठेवावेत कळत नाही. आत मात्र शांत आणि थंड. वेदीमागचं लाकडी कोरीवकाम आणि वरची कमानदार छतं सावकाश पाहा. जुन्या गोव्यातलं बॉम जेझस ज्यांनी पाहिलंय त्यांना ओळख पटेल. हे चालू चर्च आहे, प्रार्थना सुरू असेल तर मागच्या बाकावर बसून राहा. वसईच्या किल्ल्यातल्या जेझुइट चर्चची नुसती दर्शनी भिंत उरली आहे. त्या भिंतीमागे काय असायचं, ते इथे बसून कळतं.

जवळच सेंट थॉमस. १५९८ चं, पांढरंशुभ्र, उंच, आता दीवचं संग्रहालय. आत लाकडी संतमूर्ती मांडल्या आहेत, काहींचे रंग उडालेले, काहींचे हात गेलेले. बंद पडलेल्या चर्चांतून गोळा केलेल्या या मूर्ती एकत्र पाहताना मला नेहमी एखाद्या जुन्या वाड्यातलं देवघर आठवतं, भावकीत वाटणी झाल्यावर उरलेलं. तिसरं, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी, १५९३ चं. त्यात रुग्णालय चालतं, तेव्हा बाहेरून पाहून पुढे व्हा.

चर्चांच्या आसपासची वस्ती म्हणजे फिरंगीवाडा. इथली थोडी कॅथलिक कुटुंबं घरात अजून दीवची स्वतःची पोर्तुगीज बोली बोलतात. त्याच्या पश्चिमेला व्यापाऱ्यांचं दीव सुरू होतं, आणि माझ्या मते चर्चांइतकंच तेही महत्त्वाचं. पोर्तुगीज अमलात इथल्या वाण्यांचा मोझांबिकशी मोठा व्यापार होता: इथून कापड जायचं, तिकडून हस्तिदंत यायचा. १६८६ मध्ये दीवच्या व्यापाऱ्यांच्या कंपनीला या व्यापाराची मक्तेदारीच मिळाली होती. नगरशेठची हवेली या पैशातून आलेल्या थाटाचा नमुना आहे: गिलाव्यात काढलेल्या वेली, फळं, नक्षी. घरं खासगी आहेत. दारात कुणी असेल तर विचारूनच फोटो काढा.

कित्येक घरांना कुलपं दिसतील. १९६१ आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. त्या आधाराने दीवची बरीच माणसं लिस्बनला आणि तिथून ब्रिटनमधल्या लेस्टरसारख्या शहरात गेली. घरं तशीच ठेवली आहेत, डिसेंबरात सुट्टीवर आली की उघडतात.

गल्ल्यांतून पश्चिमेकडे जात राहिलात की गावाचा तट आणि झांपा दरवाजा लागतो. लाल रंगाने रंगवलेला, सिंह, देवदूत आणि एक पाद्री कोरलेला. इथे गाव संपतं. दुपारी दीड ते साडेचार सगळं बंद असतं, दुकानदारसुद्धा झोपतात. तुम्हीही झोपा.

नायडा गुहा: फक्त उन्हाच्या वेळी

ऊन टाळून फिरायच्या नियमाला हा एक अपवाद. तटाबाहेर थोड्या अंतरावर नायडा गुहा आहेत आणि त्या ऊन डोक्यावर असतानाच पाहायच्या, साधारण दहा ते एकच्या मधे. सकाळी किल्ला लवकर आटपला तर चर्चांच्या आधी जा, नाहीतर तिसऱ्या दिवशी. नावाला गुहा, खरं तर ही खाण आहे. किल्ल्यासाठी आणि तटासाठी दगड इथून काढला असं मानतात. कापलेल्या चौकोनी पायऱ्या, भिंतींवरचे छिन्नीचे पट्टे आणि छताला पडलेल्या झरोक्यांतून उतरणारे उन्हाचे खांब. ऊन तिरकं झालं की ते खांब नाहीसे होतात आणि उरतो तो अंधार, म्हणून लोक निराश होऊन परततात. वटवाघळं असतात, जमीन उंचसखल आहे. पायात चप्पल नको, बूट हवेत.

दुसरी संध्याकाळ: खुकरी

चक्रतीर्थ किनाऱ्याजवळच्या टेकाडावर 'आयएनएस खुकरी'चं स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने ही नौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. काचेच्या घरात नौकेची प्रतिकृती ठेवली आहे आणि मागे तोच समुद्र. लोक इथे सूर्यास्तासाठी येतात, आरडाओरडा करतात. नावांची पाटी वाचेपर्यंत तरी जरा लवकर पोहोचा. याच नावाची पुढची युद्धनौका २०२१ मध्ये निवृत्त झाल्यावर दीवच्या प्रशासनाकडे संग्रहालयासाठी देण्यात आली. ती कोणत्या वेळात बघता येते, ते हॉटेलात विचारून घ्या.

शेजारचा जालंधर किनारा खडकाळ आहे, बसायला छान, पोहायला नाही. विष्णूने चक्राने जालंधर दैत्याला मारलं ती जागा ही, अशी स्थानिक कथा.

तिसरा दिवस: पश्चिमेकडे

पहाटे वणाकबारा. बेटाच्या पार पश्चिम टोकाचं कोळी गाव, स्कूटरने अर्धा-पाऊण तास. होड्या लागतात, टोपल्या उतरतात, बायका मासळीचा लिलाव करतात. लाकडी होड्या बांधण्याचं कामही चालू असतं. वर्सोव्याला किंवा हर्णैला सकाळ पाहिलेल्यांना सगळं ओळखीचं, फक्त आवाज गुजराती. मधे उभं राहू नका, माल वाहणाऱ्याला वाट द्या आणि चेहऱ्यासमोर कॅमेरा धरण्याआधी मावशींना, काकांना विचारा.

परतताना नागोआ. घोड्याच्या नालेसारखा वळलेला किनारा आणि पोहायचं तर बेटावर हीच बरी जागा. सकाळी दहाच्या आत वाळू रिकामी असते. रस्त्याच्या कडेला फांद्या फुटलेली ताडासारखी झाडं दिसतील, ती होक्का. ताडाला फांद्या फुटत नाहीत हे आपल्या डोक्यात पक्कं असतं, त्यामुळे पहिल्यांदा पाहणारा थबकतो. नागोआच्या रस्त्यावर शंख-शिंपल्यांचं एक छोटं संग्रहालय आहे. तिथे भिंगातून शंख बघायची सोय आहे. मुलं अर्धा तास तिथून हलत नाहीत.

मग फुदमचं गंगेश्वर, गावापासून ३ किलोमीटर. खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगं, पांडवांनी स्थापली अशी श्रद्धा. भरती चढायला लागली की लाटा आत शिरून लिंगांवर अभिषेक करतात आणि मागे सरतात. चढत्या भरतीच्या मधल्या तासात जा. पूर्ण ओहोटीला नुसते कोरडे दगड दिसतात, आणि उधाणाच्या ऐन भरतीला आत उतरणं धोक्याचं असतं. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, अनवाणी जायचं असल्याने कठडा धरा. फूल-हार, पैसे, मोबाइल यांतलं लाट काहीही घेऊन जाते. मधल्या वेळात पायरीवर बसून दोन लाटांमधलं अंतर ओळखा आणि मग पुढे व्हा.

भरतीची वेळ दुपारी उशिरा येत असेल तर क्रम बदला: वणाकबारा, नागोआ, जेवण, विश्रांती आणि शेवटी गंगेश्वर.

निघताना

बेट सोडताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. दीवच्या हद्दीबाहेर गुजरात आहे आणि दारूची एक बाटलीसुद्धा बरोबर नेणं गुन्हा आहे. नाक्यांवर गाड्या तपासतात. मागच्या सीटखाली कुणा मित्राने ठेवलेली अर्धी बाटली गाडीच्या चालकाला महागात पडते. निघण्याआधी डिकी आणि पिशव्या एकदा स्वतः उघडून बघा.

पुढे गीर करायचं असेल तर सासणच्या सफारीचा परवाना दीवला येण्याआधीच ऑनलाइन काढून ठेवा, आयत्या वेळी सहसा मिळत नाही. १६ जून ते १५ ऑक्टोबर जंगल बंद असतं. सासणला सकाळची फेरी घ्यायची तर आदल्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर दीव सोडा. सोमनाथला संध्याकाळच्या आरतीला पोहोचायचं असेल तर तीनच्या आत निघा. कोडीनारच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरांमागे गाडी रखडते.